शाकाहार, मांसाहार आणि आरोग्य : तुलना कोणाची कोणाशी?

सप्टेंबर २०१५ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिकेने पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला आणि मोठा वाद उठला. कोणी काय खावे हे पालिकेने ठरवावे का, हा प्रश्न नागरिकशास्त्राचा आहे. तो येथे बाजूला ठेवू. पण असा वाद पेटला की आरोग्याचा दाखला हमखास दिला जातो. एक बाजू म्हणते, शाकाहारी माणूस निरोगी असतो. दुसरी म्हणते, मांसमच्छीशिवाय अंगात ताकद येत नाही. ही वाक्ये वर्गातही ऐकू येतात. ती कितपत टिकतात, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

पहिल्या विधानाला ब्रिटनमधील 'एपिक-ऑक्सफर्ड' या पाहणीचा आधार दिला जातो. सुमारे ४८ हजार लोकांच्या १८ वर्षांच्या नोंदींवरील तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मांसाहाऱ्यांच्या मानाने शाकाहाऱ्यांत हृदयाला रक्त कमी पडून होणारा विकार २२ टक्क्यांनी कमी आढळला. पक्षाघात मात्र २० टक्क्यांनी जास्त. टक्केवारीने दिपून जाऊ नये. हजार माणसांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ जास्त, एवढाच याचा अर्थ. याच पाहणीच्या २०२० मधील अहवालात दूधही वर्ज्य करणाऱ्या, म्हणजे व्हीगन लोकांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले.

पाहणी काळजीपूर्वक केलेली आहे. आमचा आक्षेप आहे तो तिचे निष्कर्ष जसेच्या तसे भाईंदरला लावण्यावर. तिच्यात स्वखुशीने सामील झालेले लोक मुळातच आरोग्याबाबत जागरूक होते; त्यांच्यातील मांसाहाऱ्यांचा मृत्युदरही सर्वसाधारण ब्रिटिश जनतेपेक्षा कमी होता. शिवाय 'मांसाहारी' हा शब्द एकच असला तरी ताट एक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले ते सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस. उत्तनच्या कोळीवाड्यातील भात आणि बोंबलाचे कालवण त्यात बसत नाही. आणि वडापाव, फरसाण, जिलबी हे सारे शाकाहारीच! 'शाकाहारी' हा शब्द ताटात काय नाही ते सांगतो. काय आहे ते सांगत नाही.

आपल्याला जवळचा पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या मानाने शाकाहाऱ्यांत ही कमतरता असण्याचा धोका ४.४ पट होता. परंतु शहरी मध्यमवर्गात कमतरतेचे प्रमाण ८१ टक्के होते आणि रक्तातील होमोसिस्टीन वाढण्यामागे मध्यमवर्गीय शहरी राहणी हा आहाराखेरीजचा स्वतंत्र धोक्याचा घटक ठरला. म्हणजे येथेही सारा दोष आहाराच्या नावावर टाकता येत नाही.

ब१२ हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात. प्राण्यांच्या शरीरातून ते मांस, मासे, अंडी व दूध यांत उतरते. वनस्पतींत ते जवळजवळ नसते. ते कमी पडले की रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो. वर्गात पेंगणारा मुलगा आळशी ठरतो, आणि त्याचे रक्त तपासायचे कोणाला सुचत नाही. वैद्यकीय सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या महाग नाहीत. त्यांतील ब१२ जिवाणूंकडूनच किण्वनाने बनवून घेतात. तेव्हा ताकदीसाठी कोणी आपले व्रत मोडण्याची गरज नाही. डाळ-भातातून प्रथिने मिळतात, हेही दुसऱ्या बाजूने ध्यानात घ्यावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना 'तू शाकाहारी की मांसाहारी?' असे विचारू नये. आठवडाभरात दूध-दही, डाळी, पालेभाज्या, फळे, अंडी-मासे-मांस आणि तळलेले पदार्थ किती वेळा खाल्ले, ते नाव न घालता कागदावर लिहून घ्यावे. मग सर्व कागद एकत्र करून कोणता शाकाहारी घरचा आणि कोणता मांसाहारी घरचा, ते ओळखायला सांगावे. किती वेळा अंदाज चुकतो, ते फळ्यावर मांडावे.