अंडे कोणत्या टोकाने फोडावे?

थट्टेच्या सुरात लिहिलेल्या टिपणातले शब्द पुढे पाठ्यपुस्तकांत व्याख्या म्हणून जाऊन बसावेत, असे विज्ञानात क्वचितच घडते. संगणकशास्त्रात ते घडले आहे. डॅनी कोहेन हे अमेरिकेत इंटरनेटच्या उभारणीत सहभागी असलेले संशोधक. त्यांनी १ एप्रिल १९८० ही तारीख घालून आपल्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण काढले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारणपणे 'पवित्र युद्धांविषयी, आणि शांततेसाठी एक विनवणी' असा होतो. ('धर्मयुद्ध' हा शब्द मुद्दामच टाळला आहे. आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेले युद्ध. इथे नेमके नियमच एक नाहीत, म्हणून भांडण आहे.) ऑक्टोबर १९८१ मध्ये हे टिपण 'कॉम्प्युटर' या मासिकात छापून आले आणि त्यातले 'बिग-एंडियन' व 'लिटल-एंडियन' हे दोन शब्द जगभर रूढ झाले. आज संगणकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ते परीक्षेपुरते तरी पाठ असतात. मूळ टिपण मात्र फारच थोडे जण वाचतात. ते का वाचावे आणि त्यात कुठे सावध राहावे, हे पाहू.

शब्द स्विफ्टचे आहेत. १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लिलिपुट या बुटक्यांच्या देशात अंडे मोठ्या टोकाकडून फोडण्याची जुनी चाल असते. राजाच्या आजोबांचे लहानपणी अंडे फोडताना बोट कापते आणि फर्मान निघते की यापुढे सर्वांनी लहान टोकच फोडावे. त्यावरून बंडे होतात, हजारो माणसे मरतात, मोठ्या टोकाचे अभिमानी शेजारच्या ब्लेफुस्कू बेटावर आश्रय घेतात. स्विफ्टचा रोख त्याच्या काळातल्या पंथांच्या भांडणांवर होता, हे सांगायला नकोच.

कोहेन यांचे भांडण कोणते? संगणकाच्या स्मृतीत एकसारख्या खोल्यांची लांबच लांब चाळ आहे असे समजा. प्रत्येक खोलीला क्रमांक आहे आणि एका खोलीत एकच बाइट मावतो. मोठी संख्या एका खोलीत मावत नाही, तिला चार खोल्या लागतात. मग पहिल्या खोलीत संख्येचे कोणते टोक ठेवायचे? मोठ्या किमतीचे, की एककाकडचे? काही यंत्रे मोठे टोक आधी ठेवत, काही लहान. एकाच जातीच्या यंत्रांत हा प्रश्न उद्भवतच नाही. दोन निराळ्या जातींची यंत्रे तारेने जोडली, की एकाने पाठवलेले दुसऱ्याला उलटे पोहोचते. युनिक्स ही कार्यप्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना तिचे नावच 'नक्सी' असे उमटले, अशी कथा आज्ञावलीकारांत सांगितली जाते. दोन दोन अक्षरांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीत उलटापालट झाली, की असेच होणार. मराठीत करून पाहा: 'गडबड' या शब्दाचे 'डगडब' होते. वर्गात फळ्यावर लिहायला याहून चांगला शब्द सापडणार नाही.

इथपर्यंत गंमत झाली. टिपणाचे खरे मोल पुढच्या एका वळणात आहे. स्विफ्टचा सल्ला असा, की अंडे कुठून फोडायचे हा फरक क्षुल्लक आहे, म्हणून ज्याने त्याने आपल्या सोयीने फोडावे. कोहेन म्हणतात, फरक क्षुल्लक आहे हे मान्य. पण आम्ही अंडी खात नाही, एकमेकांना पाठवतो. पाठवायची असतील तर सर्वांनी एकाच बाजूने पाठवली पाहिजेत. आणि फरक क्षुल्लक आहे म्हणूनच कोणतीही बाजू निवडायला हरकत नसावी. नाणे उडवायचे का, असे विचारून ते थांबतात. एकाच गृहीतावरून दोन उलट निष्कर्ष, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर!

खायचे अंडे आणि पाठवायचे अंडे ही विभागणी हाती आली, की आज्ञावलीकारांचे बाकीचे लुटुपुटीचे वाद भराभर उलगडतात. त्यांतला सर्वांत गाजलेला वाद मजकूर लिहिण्याच्या दोन साधनांचा, 'व्हीआय' आणि 'ईमॅक्स' यांचा. दोन्हींचा जन्म १९७६ च्या सुमाराचा; एकाचा बर्कलीत, बिल जॉय यांच्या हातून; दुसऱ्याचा एमआयटीत, रिचर्ड स्टॉलमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. व्हीआयवाले म्हणतात, ईमॅक्स ही कार्यप्रणाली झकास आहे, तिच्यात मजकूर लिहायची सोय तेवढी हवी होती. ईमॅक्सवाले दाखवून देतात, की 'व्ही-आय' ही अक्षरे रोमन आकड्यांत सहा होतात आणि तीनदा लिहिली की ६६६, म्हणजे बायबलातल्या पशूचा आकडा. स्टॉलमन तर झगा घालून, डोक्यामागे जुन्या संगणक-तबकडीचे तेजोवलय लावून ईमॅक्स-पंथाचे संत म्हणून भाषणात अवतरत असत. ही सगळी खाण्याच्या अंड्यांची भांडणे आहेत. कोणत्याही साधनाने लिहा, तयार होणारी फाइल तीच. म्हणूनच हा वाद इतकी वर्षे हसतखेळत चालू शकला.

पण या थट्टेच्या तळाशी काय आहे तेही पाहण्यासारखे आहे. बिल जॉय ज्या जोडणीवर काम करत होते ती अतिशय संथ होती. पडद्यावर अक्षरे उमटायला वेळ लागे. म्हणून त्यांनी एकेका अक्षराच्या आज्ञा ठरवल्या. त्यांच्या टंकफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या चार कळांवरच छापलेले होते. आजही व्हीआयमध्ये याच चार कळांनी इकडेतिकडे फिरता येते, आणि नवशिक्याला हा निव्वळ हटवादीपणा वाटतो. एमआयटीत जोडण्या जलद होत्या, तेव्हा तिथल्या साधनाने ऐसपैस वाढायला हरकत नव्हती. ज्याला आपण 'आवड' म्हणतो तिच्यात कधीकाळची तारेची गती आणि टंकफलकाची ठेवण अशी मुरलेली असते.

इथेच कोहेन यांच्याशी माझा पहिला मतभेद आहे. बाइटांचा क्रम अंड्याइतका क्षुल्लक नाही. तिसरीच्या मुलाला बेरीज शिकवताना आपण एककापासून सुरुवात करतो, कारण हातचा डावीकडे जातो. ३४७ आणि ३५२ यांत मोठी संख्या कोणती, हे ठरवताना मात्र शतकापासून. म्हणजे बेरजेला लहान टोक सोयीचे, तुलनेला मोठे. यंत्रांचेही असेच आहे. १९७० च्या 'डेटापॉइंट २२००' या यंत्रात संख्येचा एकेक बिट क्रमाने पुढे सरके. हातच्याच्या सोयीसाठी त्यात लहान टोक आधी घेतले गेले. त्या यंत्राच्या आज्ञांबरहुकूम इंटेलने १९७२ मध्ये ८००८ ही चिप काढली, आणि आजच्या बहुतेक टेबलावरच्या संगणकांतली चिप त्याच घराण्यातली आहे. तेव्हा दोन्ही बाजूंना कामाचे कारण होते. नाणे उडवण्याची सूचना विनोद म्हणून छान आहे, पण ती ही कारणे झाकून टाकते.

दुसरा आक्षेप मांडणीविषयी. टिपणाचा मधला बराच भाग त्या काळच्या यंत्रांची नावे आणि त्यांतल्या बिटांचे क्रम यांनी भरला आहे. कोणते यंत्र आपल्याच नियमाला कुठे चुकते, हे कोहेन बारकाईने दाखवतात. त्यांचा मुद्दा रास्त आहे: कोणत्याही टोकाचा सुसंगत पक्ष चालेल, मिश्र पक्ष नको. पण ती यंत्रे आज वापरात नाहीत आणि तो भाग आता रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकासारखा वाचावा लागतो. सुरुवात आणि शेवट नीट वाचून मधल्या पानांवरून नजर फिरवली तरी शिक्षकाचे काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. 'पवित्र युद्ध' हे नाव इतके लोकप्रिय झाले, की कोणत्याही मतभेदाला ते चिकटवून तो उडवून लावता येऊ लागला. जानेवारी १९९२ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम आणि लिनस टॉरवाल्ड्स यांच्यात कार्यप्रणालीच्या रचनेवरून खडाजंगी झाली. गाभा अगदी लहान ठेवून बाकीची कामे वेगळी करावीत, असे टॅनेनबॉम म्हणत. सगळे एकाच गाभ्यात असलेले लिनक्स त्यांना जुनाट वाटत होते. हा वादही पुष्कळदा पवित्र युद्धांच्या किश्श्यांत मोजला जातो. पण त्यात सुरक्षितता, वेग, दुरुस्तीची सोय असे तपासून पाहता येणारे प्रश्न होते. पुढे लिनक्स जगभर पसरले; आणि टॅनेनबॉम यांचे शिकवण्यासाठी लिहिलेले मिनिक्स इंटेलच्या चिपांमध्ये आतल्या आत चालते आहे, असे २०१७ मध्ये उघड झाले. नाणे उडवून हा निकाल लागला नसता.

कोहेन यांचे एक भाकीत तर गमतीदार रीतीने फसले. अशा भांडणांत तर्क नव्हे, बळ निकाल लावते, असे त्यांचे म्हणणे. दोन बेटांमध्ये उभे राहून सर्वांवर एकच रीत लादणारा एखादा गलिव्हर त्यांना हवा होता. तो आला नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटचा मूळ संकेत निश्चित झाला, त्यात तारेवरून जाताना मोठे टोक आधी असे ठरले. इकडे टेबलांवर मात्र लहान टोकाची यंत्रे पसरली. मग वेशीवर दुभाषे बसवले गेले: पाठवताना संख्या उलटायची, घेताना पुन्हा सुलटी करायची. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ही उलटापालट आपल्या नकळत चाललेली असते. घरात ज्याची त्याची रीत आणि रस्त्यावर एकच, हा तोडगा स्विफ्टचाही नाही आणि कोहेन यांचाही नाही.

आपल्या शिक्षकांनी हे टिपण का वाचावे, याचे कारण संगणकाच्या बाहेर आहे. मराठी संख्यानामे कोणत्या टोकाची? २५ लिहिताना दशक आधी, 'पंचवीस' म्हणताना एकक आधी. ३२६५ या संख्येला आपण 'बत्तीसशे पासष्ट' म्हणतो, तेव्हा शतकांची जोडी आधी येते, पण प्रत्येक जोडीच्या आत एकक पुढे: दोन, तीस, पाच, साठ. ज्या 'पीडीपी-११' या यंत्रावर युनिक्स वाढले, ते चार बाइटांची संख्या नेमकी याच क्रमाने ठेवी. कोहेन यांना खटकणारा मिश्र पक्ष तो हाच, आणि आपण तो दुसरीपासून बिनबोभाट चालवतो. (एकोणतीस, एकोणचाळीस यांचे तर तंत्रच निराळे.)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली आणि मोठे वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली: लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एक झाला, जोडाक्षरांची अडचण गेली, तर लहान मुलाला सोपे जाते. विरोधकांपैकी अनेकांना ती भाषेची मोडतोड वाटली. टिंगलही भरपूर झाली. त्या वेळी कोहेन यांची विभागणी कोणी पुढे ठेवायला हवी होती. मुलाने मनात संख्या कशी पकडावी हे खायचे अंडे आहे; त्यात सोय पाहावी. बाजारात, घरात, आजीशी बोलताना 'पंचवीस'च लागणार. ते पाठवायचे अंडे. दोन रीतींमधला दुभाषा वर्गातच बसवता येतो. अमुक रीतीने मुले खरोखर कमी चुकतात का, हे तर तपासता येणारे होते. गदारोळात तो प्रश्न मागे पडला.

संगणकावरच्या मराठीनेही हे भोगले आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांत एकाच अक्षराला निरनिराळे क्रमांक असत. एका फाँटात लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला, की अगम्य चिन्हांची रांग दिसे. टंकफलकाची मांडणी कोणती, इनस्क्रिप्ट की टंकयंत्रासारखी, हे खायचे अंडे. अक्षराचा क्रमांक हे पाठवायचे. दोन्हींची सरमिसळ झाल्याने पुष्कळ जुना मजकूर पुन्हा टंकित करावा लागला.

युनिकोडमध्ये 'अ'चा क्रमांक सोळाच्या पायावर ०९०५ असा आहे. दोन बाइटांची ही जोडी उलटली की ०५०९ होते, आणि ते रशियातील कोमी भाषेसाठीचे एक सिरिलिक अक्षर निघते. त्यावर योजलेला उपाय असा: मजकुराच्या आधी एक ठरावीक खूण ठेवायची, जी उलटी झाली तर कोणतेच अक्षर होणार नाही. ती उलटी दिसली, की वाचणाऱ्या यंत्राने समजायचे, पुढचे सगळे उलटून घ्यायचे आहे. अंडे कुठल्याही बाजूने पाठवा, वर बाण तेवढा काढा.