रोहिणीचे पाणी आणि परिव्रज्येचा भूगोल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन वर्षावासात विहाराविहारांतून होत असते. बोरिवली-अंधेरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांतील उपासक-उपासिकांना त्यातील परिव्रज्येचा प्रसंग जवळजवळ मुखोद्गत आहे. शाक्यांचा संघ, सेनापतीचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध आणि गृहत्याग हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या नदीवरून हे सारे घडले ती रोहिणी आमच्या वाचनात केवळ एक नाव होऊन राहिली आहे. नदीला उगम असतो, उतार असतो, ऋतू असतो आणि काठावर राबणारी माणसे असतात. हे ध्यानात घेतल्यावाचून या प्रसंगाचा अर्थ पुरतेपणी लागत नाही, असे आमचे मत आहे.

या प्रसंगाविषयी आजवर झालेली चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरली. रोग, जरा, मृत्यू आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने घर सोडले ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूस सारली. मग रोहिणीचा तंटा ऐतिहासिक की कल्पित, असा वाद सुरू झाला. हा तंटा बाबासाहेबांनी कल्पिलेला नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणि कुणाल जातकाच्या कथेत तो आहे. मात्र तेथे तो संबोधीनंतरच्या काळात येतो आणि स्वतः भगवान तो मिटवितात. धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे शाक्य-कोलियांच्या कलहाचा गृहत्यागाशी संबंध जोडला होता. त्या सुत्तात थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांची उपमा आहे, ही गोष्ट येथे विशेष अर्थपूर्ण आहे. तेव्हा घटना कोठून आली यापेक्षा बाबासाहेबांनी तिची मांडणी कशी केली, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय.

प्रथम नदी पाहू. रोहिणी आजही वाहते. नेपाळच्या तराईलगतच्या चुरे म्हणजेच शिवालिक टेकड्यांत तिचा उगम होतो. दक्षिणेकडे वाहत ती उत्तर प्रदेशात येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. राप्ती घाघरेला व घाघरा गंगेला मिळते आणि गंगेचा मुख्य प्रवाह पद्मा या नावाने बांगलादेशातून समुद्राकडे जातो. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून वाहणारे पाणी अशा रीतीने आज तीन देशांचे पाणी झाले आहे. रोहिणी हिमनदीवर पोसलेली नाही. ती पावसाची नदी आहे. वैशाख-ज्येष्ठात तिचा प्रवाह क्षीण होतो आणि शेतातले पीक नेमके तेव्हाच सुकू लागते. अट्ठकथेनेही भांडणाचा महिना ज्येष्ठ हाच सांगितला आहे. दोन्ही गणांमध्ये एकच बांध होता आणि त्यातले पाणी दोघांना पुरणारे नव्हते. म्हणजे कलह द्वेषातून उपजला नव्हता, टंचाईतून उपजला होता. द्वेष मागाहून आला.

बाबासाहेबांच्या मांडणीत ऋतूचा हा तपशील नाही. त्यांनी रोहिणीला दोन राज्यांमधील सीमारेषा म्हटले आहे आणि पाणी आधी कोणी घ्यावे व किती घ्यावे, हा वाद दरवर्षी होई एवढेच सांगितले आहे. ही या कथनातील उणीव आहे असे आम्हांस वाटते. निव्वळ सीमारेषा म्हटली की दोन्ही काठ सारखे दिसतात. वरच्या अंगाला बांध घालणारा आणि खालच्या अंगाला वाट पाहणारा हा भेद त्यात पुसट होतो.

परंतु अट्ठकथेत नसलेली एक गोष्ट या ग्रंथात आहे आणि ती मोलाची आहे. अट्ठकथेतील भगवान पाण्याचे मोल अधिक की क्षत्रियांच्या रक्ताचे, असे विचारतात आणि दोन्ही पक्ष खजील होतात. युद्ध टळते, मात्र पाणी कसे वाटावे याचा नियम कोणी करीत नाही. बाबासाहेबांचा सिद्धार्थ नियम सुचवितो. शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना दामोदर व महानदीच्या योजनांचा विचार ज्यांनी केला आणि ज्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला, त्यांच्याच लेखणीतून हे उतरले आहे. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांसाठी संविधानात अनुच्छेद २६२ आहे. केवळ अनुकंपेवर पाण्याची वाटणी टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

याच ठिकाणी मांडणीचे दुसरे सामर्थ्य दिसते. सिद्धार्थ २८ वर्षांचा असताना झालेली मारामारी प्रथम दोन्हीकडच्या सेवकांत होते. युद्ध पुकारतात ते मालक. सिद्धार्थाला धमकी मिळते ती कुटुंबावरील सामाजिक बहिष्काराची आणि मालमत्ता जप्त करण्याची. देहदंडाला कोसलच्या राजाची संमती लागते, बहिष्काराला लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आणि त्यापायी बहिष्कार सोसलेल्या समाजाला या वाक्यांचे भाष्य करून सांगावे लागत नाही. सेवक पुढे कथेतून दिसेनासे होतात, हे खरे. परंतु युद्ध टळल्याची वार्ता आल्यावर सिद्धार्थ परत फिरत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष प्रासंगिक असतो, वर्गावर्गांतील संघर्ष अखंड चालू असतो, या निष्कर्षाशी तो येतो. नदीकाठी जखमी झालेले सेवक या निष्कर्षात परत येतात, असे आम्ही मानतो. रोहिणी ही कथेतील निमित्त नसून तिचे प्रमेय आहे.

त्या प्रमेयाची सत्यता आजही पडताळता येते. १९७५ साली फराक्का धरण कार्यान्वित झाले आणि १९९६ साली भारत व बांगलादेश यांच्यात ३० वर्षांच्या मुदतीचा करार झाला. त्यातील वाटणी १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या महिन्यांपुरती आहे. प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर दोघांना निम्मे निम्मे पाणी. अडीच हजार वर्षांनंतरही भांडण त्याच ऋतूत आहे. ज्या नेपाळात रोहिणी उगम पावते तो देश या करारात नाही. वरच्या काठाला वगळून केलेली वाटणी सिद्धार्थाच्या पंचांच्या कल्पनेपेक्षा अपुरीच म्हटली पाहिजे.

उपनगरातील वाचकाने हा प्रसंग दूरच्या तराईचा म्हणून वाचू नये. कान्हेरीच्या डोंगरात भिक्खूंसाठी खोदलेल्या पाण्याच्या पोढी आणि त्या दान करणाऱ्यांचे शिलालेख आहेत. पडलेला पाऊस तेथल्या तेथे साठवून वापरण्याची ती शिस्त होती. आज आमच्या नळाला येणारे बहुतेक पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा येथून येते आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. रोहिणीचा अध्याय वाचताना आपण कोणत्या काठावर उभे आहोत, हा प्रश्न विहारात विचारला गेला पाहिजे. अन्याय सोसलेला समाज प्रत्येक नदीच्या खालच्याच अंगाला असतो असे नाही. ग्रंथाचे पठन आणि ग्रंथाचे अध्ययन यांतील अंतर अशा प्रश्नानेच कमी होईल.