पहिल्या तासाला मिळणारं पत्रक

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत 'मानसशास्त्राची ओळख' या विषयाच्या पहिल्या तासाला लगेच शिकवायला सुरुवात होत नाही. आधी एक पत्रक वाटलं जातं. त्याला तिथे 'सिलॅबस' म्हणतात; पण आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत असते तशी घटकांची यादी हा त्याचा फक्त एक भाग. कोणत्या आठवड्यात कोणतं प्रकरण वाचून यायचं, शिक्षक खोलीत केव्हा भेटतील, परीक्षा किती आणि कोणत्या तारखांना, किती टक्क्यांना कोणती श्रेणी, किती तास बुडवले तर चालतील, चुकलेली परीक्षा पुन्हा देता येईल का, नक्कल सापडली तर काय होईल, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. कधी चार पानं, कधी दहा.

असल्या कोरड्या कागदाचं परीक्षण कशाला, असं वाचकांना वाटेल. त्याला कारण आहे. अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांहून अधिक विद्यार्थी हा प्राथमिक अभ्यासक्रम घेतात आणि त्यातले बहुतेक जण पुढे मानसशास्त्राच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे मनाचा शास्त्रीय अभ्यास कसा असतो याची त्यांची पहिली आणि शेवटची ओळख इथेच होते. शिवाय माणूस शिकतो कसा, विसरतो का, बक्षिसाने आणि शिक्षेने त्याच्यावर काय परिणाम होतो, हाच या विषयाचा अभ्यास. रसायनशास्त्राच्या शिक्षकाने परीक्षेचं वेळापत्रक कसंही आखलं तर तो आपल्या शास्त्राशी प्रतारणा करत नाही. मानसशास्त्राच्या शिक्षकाला ती सवलत नाही. त्याचं पत्रक त्याच्याच पुस्तकातल्या कसोटीवर घासून पाहता येतं.

आधी चांगलं ते सांगूया. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा आहे हे पहिल्या दिवशी लेखी सांगणं ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे मार्क कशाला आणि कसे मिळतात हे पुष्कळदा विद्यार्थ्याला निकालानंतरच कळतं, आणि कधी कधी तेव्हाही कळत नाही. त्या पत्रकात विद्यार्थ्याचे हक्कही असतात. अपंगांविषयीचा कायदा १९९० साली झाला. कमी दिसणाऱ्या किंवा वाचताना अडचण येणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ कसा मागता येईल, हे आज जवळजवळ प्रत्येक पत्रकात छापलेलं असतं. हे बंधन शिक्षकावरही आहे. परीक्षेची तारीख त्याला लहरीप्रमाणे बदलता येत नाही.

पण पानं उलटत गेलं की सूर बदलतो. 'चालणार नाही', 'स्वीकारलं जाणार नाही', 'अपवाद केला जाणार नाही'. काही पत्रकांत तर आजारपणाचा दाखला कसा असावा याचंही वर्णन सापडतं. याला पूर्वानुभव कारणीभूत आहे, हे मान्य. कनेक्टिकटमधल्या एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने १९९० च्या सुमारास एक विनोदी लेख लिहिला होता. परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांच्या आज्यांचा मृत्युदर भयंकर वाढतो, असं त्यात आलेखासह 'सिद्ध' केलं होतं! आपल्या शिक्षकांनाही हा साथीचा रोग अनोळखी नाही. तरीही, दोनशे प्रामाणिक मुलांशी पहिली भेट दहा लबाडांना उद्देशून लिहिलेल्या कागदाने व्हावी का, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते या पत्रकातली सगळ्यात विचार करण्यासारखी अट वेगळीच आहे. ती सहसा एका परिच्छेदात उरकलेली असते. विद्यार्थ्याने सत्रात ठरावीक तास मानसशास्त्र विभागात चाललेल्या प्रयोगांमध्ये सहभागी व्हायचं, म्हणजे स्वतःवर प्रयोग करून घ्यायचे. त्याबद्दल गुण मिळतात. काही ठिकाणी ते केल्याशिवाय अभ्यासक्रम पूर्णच होत नाही.

ही पद्धत जुनी आहे. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९ सालचा प्रसिद्ध प्रयोग घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ७१ तरुणांना एक तास अत्यंत कंटाळवाणं काम दिलं गेलं. तबकात रिळं भरायची, ती रिकामी करायची, मग खुंट्या पाव-पाव वळणाने फिरवत बसायचं. नंतर काही जणांना १ डॉलर, तर काहींना २० डॉलर देऊन, बाहेर बसलेल्या पुढच्या व्यक्तीला 'काम फार मजेचं आहे' असं खोटं सांगायला लावलं. पुढे विचारल्यावर २० डॉलरवाल्यांपेक्षा १ डॉलरवाल्यांनीच काम बरं वाटल्याचं जास्त सांगितलं. एवढ्याशा पैशासाठी आपण खोटं बोललो हे मनाला पटेना, म्हणून त्यांनी आपलं मतच बदललं, असा अर्थ लावला गेला. हे ७१ जण आले कुठून? ते 'मानसशास्त्राची ओळख' या वर्गातले होते, आणि प्रयोगांत काही तास देणं ही त्या वर्गाची अट होती. शोधनिबंधात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

दुसरं उदाहरण. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ जण बघत राहिले, कुणी मदत केली नाही, अशी बातमी छापून आली. तिच्यावरून जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी प्रयोग रचला व १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेले विद्यार्थी ध्वनियंत्रावरून कॉलेजजीवनातल्या अडचणींबद्दल बोलत असताना एकाला फेफरं आल्याचा आवाज ऐकू येतो. प्रत्यक्षात ते ध्वनिमुद्रण असतं. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांनी झटका संपायच्या आत मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटत होतं त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. हेही विद्यार्थी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्राथमिक मानसशास्त्राच्या वर्गातले, आणि वर्गाची अट म्हणूनच आलेले. (ज्या बातमीवरून हे सुरू झालं ती मात्र तितकी पक्की नव्हती. ३८ जण निष्क्रियपणे बघत होते याला पुरावा नाही, असं तीन ब्रिटिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. तोवर ती गोष्ट कित्येक पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली होती.)

म्हणजे पाठ्यपुस्तकात 'माणूस असा वागतो' म्हणून जे छापलं आहे, त्यातला मोठा वाटा ते पाठ्यपुस्तक वाचणाऱ्यांवरच केलेल्या प्रयोगांतून आला आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांची मोजदाद केली. अभ्यासलेल्या व्यक्तींपैकी ६८ टक्के अमेरिकेतल्या होत्या. व्यक्तिमत्त्व आणि सामाजिक मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात तर अमेरिकेतल्या नमुन्यांपैकी ६७ टक्के नमुने केवळ मानसशास्त्राच्या वर्गातल्या पदवी-विद्यार्थ्यांचे होते. हेच आकडे घेऊन जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रश्न विचारला: हे विद्यार्थी सगळ्या मानवजातीचे प्रतिनिधी कसे?

याचं एक साधं उदाहरण वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल. सारख्या लांबीच्या दोन रेषा काढा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण काढा, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. दुसरी रेष लांब वाटते. हा म्युलर-लायर दृष्टिभ्रम. १९६६ साली सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोव्हिट्स यांनी अनेक समाजांतली मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात अमेरिकी विद्यार्थी सर्वांत जास्त फसले होते आणि कलहारीच्या वाळवंटातले सान लोक जवळजवळ फसलेच नव्हते. काटकोनी भिंतींच्या घरांत राहिल्यामुळे असं होतं का, यावर आजही वाद आहे. पण डोळ्यांचा हा भ्रमही सगळीकडे सारखाच असतो असं मोजल्याशिवाय धरून चालता येत नाही, एवढं तरी त्यातून कळतं. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांतल्या मानसशास्त्रातही याच विद्यार्थ्यांची सावली आहे. सोलापूरचा शिक्षक 'मानवी वर्तन' म्हणून जे पाठ करतो, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांचं वर्तन असतं.

मग ही अट वाईटच म्हणायची का? तसं सरसकट म्हणता येणार नाही. प्रयोगात बसल्याशिवाय प्रयोग म्हणजे काय ते कळत नाही, हा अटीमागचा युक्तिवाद खोटा नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेनुसार, प्रयोगात भाग घेणं ही अभ्यासक्रमाची अट असेल किंवा त्याला जादा गुण असतील, तर त्याच तोडीचा दुसरा पर्याय द्यावा लागतो. उदाहरणार्थ, एखादा शोधनिबंध वाचून त्यावर लिहिणं. नियम चांगला आहे. पण 'त्याच तोडीचा' हे ठरवणार कोण? एकीकडे संगणकासमोर अर्धा तास बटणं दाबायची, दुसरीकडे कठीण निबंध वाचून दोन पानं लिहायची, अशी निवड दिली तर विद्यार्थी काय निवडतील हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. खरी उणीव मला वेगळी वाटते. ही अट पत्रकात 'शिकण्याची संधी' म्हणून येते. पण तुमच्या उत्तरांतूनच पुढच्या आवृत्तीचं पुस्तक घडणार आहे, आणि म्हणून त्या पुस्तकातल्या 'माणूस' या शब्दाकडे थोडं सावधपणे बघा, हे त्यात नसतं. ते सांगितलं असतं तर हाच परिच्छेद वर्षातला सर्वोत्तम धडा ठरला असता.

जादा गुणांबद्दल थोडक्यात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असणाऱ्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधीच सांगून चित्रं काढायला लावली. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत होती. हा प्रयोग प्रेरणेच्या प्रकरणात शिकवला जातो. आणि त्याच वर्गाच्या पत्रकात प्रत्येक गोष्टीला गुण लावलेले असतात: हजर राहिलात, इतके, हात वर केलात, इतके.

सगळ्यात मोठी विसंगती परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. ठरलेला नमुना असा: सत्रात दोन किंवा तीन मोठ्या परीक्षा, शेवटी एक अंतिम, आणि चुकली ती चुकली. आता स्मृतीचं प्रकरण उघडा. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एकदम केलेल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आदल्या रात्री वाचून गेलेल्याला परीक्षेत हात दिल्यासारखा वाटतो, आणि महिन्याने पाटी कोरी का असते, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. आठवून पाहणं हाच अभ्यास आहे. मग परीक्षा सत्रातून तीनदाच का?

याला पर्याय नव्हता असंही नाही. फ्रेड केलर या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९६४ साली ब्राझीलमध्ये, आणि नंतर अ‍ॅरिझोनात, हाच प्राथमिक अभ्यासक्रम लहान-लहान घटकांत तोडला. विद्यार्थ्याने आपल्या गतीने जायचं, प्रत्येक घटकाची छोटी चाचणी द्यायची, नापास झालं तर काहीही न गमावता पुन्हा द्यायची, आणि घटक नीट आल्याशिवाय पुढे जायचं नाही. तपासायला आधी तो अभ्यासक्रम पूर्ण केलेले विद्यार्थी. १९७९ मध्ये अशा वर्गांची नेहमीच्या वर्गांशी तुलना करणाऱ्या ७५ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा निकाल केलरच्या बाजूने लागला. तरी ही पद्धत मागे पडली. चाचण्यांचे ढीग सांभाळणं, मागे पडणाऱ्यांना हलवणं, सत्राच्या तारखांत प्रत्येकाची वेगळी गती बसवणं, हे विद्यापीठांच्या कारभाराला झेपलं नाही, असा माझा तर्क आहे.

अलीकडचं उदाहरण ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातलं आहे. २०११ मध्ये तिथल्या शेकडो विद्यार्थ्यांच्या प्राथमिक मानसशास्त्राच्या वर्गात मोठ्या परीक्षा काढून टाकून प्रत्येक तासाला संगणकावर छोटी चाचणी ठेवली. तीत विद्यार्थ्याचा आधी चुकलेला प्रश्न पुन्हा यायचा. त्याच शिक्षकांच्या आधीच्या वर्गाशी तुलना केली तर गुण सुधारले, गरीब आणि सुस्थितीतल्या घरच्या मुलांमधली गुणांची दरी जवळजवळ निम्मी झाली, आणि याच मुलांचे इतर विषयांतले गुणही वाढले. वर्ग वेगवेगळ्या वर्षांचे होते, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे श्रेय एकट्या चाचण्यांना देताना हात राखायला हवा. पण दरी निम्मी होणं ही किरकोळ गोष्ट नाही. वेळापत्रकाच्या चौकटीत केलेला तो बदल होता. पाठ्यघटक जवळपास तेच होते.

या चाचण्यांना संगणकच लागतो असं नाही. रोडिगर-कार्पिकच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कोरा कागद दिला होता. काय बरोबर आणि काय चूक हे सांगितलं नव्हतं, आणि लिहिलेल्यावर गुणही दिले नव्हते.