गणित कोणी सोडावे?

दहावीचा निकाल लागला की वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी आठ-पंधरा दिवस एकच विषय चालतो : अकरावीला काय घ्यायचे? शाखेचा प्रश्न घरात सुटतो. विज्ञान शाखा ठरली, की गणित घ्यायचे, जीवशास्त्र घ्यायचे की दोन्ही, हा खरा प्रश्न उरतो. तो मात्र प्रवेशाच्या खिडकीपाशी दोन मिनिटांत निकालात निघतो. त्यावर शिक्कामोर्तब करणारा बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो. "गणितात मार्क कमी दिसतात, बायो घे, गणित सोड." सल्ला आपुलकीचा असतो. तो बरोबर असतो का, हे तपासून पाहायला हवे.

२०२५-२६ पासून अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश राज्यभर लागू झाले आणि वैजापूरच्या मुलांनीही प्रथमच संगणकावर दहापर्यंत पसंतिक्रम भरले. महाविद्यालये निवडण्याची सोय वाढली. विषय निवडण्याचा विचार मात्र होता तेथेच राहिला.

प्रथम या सल्ल्याचा पुरावा पाहू. दहावीच्या गणिताचे शंभर गुण म्हणजे बीजगणिताचे चाळीस, भूमितीचे चाळीस आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस. एका मुलाला बीजगणितात ३०, भूमितीत १२ आणि अंतर्गत १६ गुण मिळाले. दुसऱ्याला नेमके उलट, बीजगणितात १२ आणि भूमितीत ३०. दोघांच्याही गुणपत्रिकेवर ५८ च येतील. पहिल्याला प्रमेयाची सिद्धता लिहिता येत नाही, पण समीकरणे तो सहज सोडवतो. अकरावीत तो कदाचित चांगला तग धरील. दुसऱ्याची अडचण वेगळी आहे. दोघांनाही "गणित सोड" असे एकाच सुरात सांगणे म्हणजे ताप किती ते न पाहता औषध देणे होय. गुणांची ही फोड आपल्याजवळ असते. सराव परीक्षेचे पेपर शाळेच्या कपाटातच पडलेले असतात.

दुसरी गोष्ट, गणित सोडले की गणितापासून सुटका होते, ही समजूत. राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या भौतिकीच्या पुस्तकात दुसरे प्रकरणच गणितीय पद्धतींचे आहे : सदिश, विकलन, संकलन. जीवशास्त्राचा गट घेतलेल्या मुलीलाही ते शिकावे लागते. फरक इतकाच, की गणिताच्या तासाला जे महिनाभर शिकवतात ते तिला भौतिकीच्या चार तासांत उरकावे लागते. म्हणजे गणितात कच्ची म्हणून जिला गणित सोडायला लावले, तिलाच ते घाईघाईने आणि सरावावाचून शिकावे लागते.

आणि जीवशास्त्र तरी गणितावाचून चालते का? मेंडेलच्या वाटाण्याचे उदाहरण आपण सर्वच शिकवतो. दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. फळ्यावर आपण ३:१ असे लिहून पुढे जातो. पण गुणोत्तर येते २.९६. ३:१ या प्रमाणाने ७,३२४ दाण्यांत ५,४९३ गोल हवेत. १९ कमी पडले. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा कशावरून? संभाव्यतेचे गणित सांगते, की एवढ्या दाण्यांत सुमारे ३७ ची चढउतार सहज होऊ शकते. तेव्हा १९ चा फरक चिंतेचा नाही. मेंडेल व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकी आणि गणित शिकला होता, हे येथे लक्षात ठेवावे. त्याच्या आधीही अनेकांनी संकर केले होते. दाणे मोजून त्यातून नियम काढला तो त्याने.

वैजापूरच्या मुलांसाठी तर याहून जवळचे उदाहरण आहे. नांदूर-मधमेश्वर कालव्याला आवर्तन सुटले, की पारावर 'क्युसेक' आणि 'टीएमसी' हे शब्द ऐकू येतात. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. समजा, ५०० क्युसेकने पाणी सोडले, तर दिवसाला ४ कोटी ३२ लाख घनफूट होतात आणि एक टीएमसी व्हायला तेवीस दिवस लागतात. इथपर्यंत सातवीचे गणित पुरते. पण विसर्ग रोज सारखा नसतो. तो चढतो, टिकतो, उतरतो. मग एकूण पाणी किती आले? विसर्गाचा आलेख काढून त्याखालचे क्षेत्रफळ मोजावे लागते. यालाच संकलन म्हणतात. आपल्या वाट्याला किती पाणी आले हे तपासू शकणारा माणूस गावात असावा की नसावा, हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही.

दारांचाही हिशेब मांडू. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदल वा वायुदल यांना बारावीचे गणित लागते. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही प्रशिक्षण घेत आहेत, म्हणून हे मुलींच्या पालकांनाही सांगायला हवे. उलट, जीवशास्त्र न घेतलेल्याला ते बारावीनंतर जादा विषय म्हणून देऊन 'नीट'ला बसण्याची मुभा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. गणित हा पायऱ्यांचा विषय; दोन वर्षांच्या पायऱ्या नंतर एकट्याने चढणे फार थोड्यांना जमते.

दुसरी बाजूही खरी आहे. चारही विषयांचा भार काही मुलांना झेपत नाही. ज्याला वैद्यकीय शाखेकडेच जायचे आहे आणि ज्याने हे विचारपूर्वक ठरवले आहे, त्याने गणित सोडले तर त्यात चूक काही नाही. आक्षेप भीतीपोटी सोडण्याला आहे. राज्यात नववी-दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता. २०१७-१८ मध्ये नववीतून आणि पुढच्या वर्षी दहावीतून तो गेला. गणिताची भीती मात्र त्या पर्यायाबरोबर गेली नाही, कारण पर्याय दिल्याने भीती टळते, जात नाही.

तेव्हा येत्या निकालाच्या वेळी आपण तीन गोष्टी कराव्यात. सल्ला देण्यापूर्वी विद्यार्थ्याचे बीजगणिताचे आणि भूमितीचे पेपर वेगवेगळे पाहावेत. गणित सोडल्याने कोणती दारे बंद होतात, त्याची यादी पालकांसमोर ठेवावी. आणि सुटीत विद्यार्थ्याला अकरावीच्या पुस्तकातले एखादे प्रकरण पंधरा दिवस शिकवून पाहावे. त्यानंतरही त्याने "सोडतो" म्हटले, तर तो त्याचा निर्णय. तोवर तो आपला असतो, आणि आपल्या निर्णयाची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही.