मागे राहिलेली मुले

मराठी चित्रपटातले मूल दुःखात असते तेव्हा फारसे रडत नाही. ते एखाद्या गोष्टीच्या मागे लागते. टिंग्या बैलाच्या, ज्ञानेश सायकलीच्या, समीर गेलेल्या भावाच्या. गेल्या वीसेक वर्षांतील आपल्या सिनेमाची मोठी कमाई मला या ध्यासात दिसते. लहान मुलाचा शोक हा त्याचा स्वतःचा असतो, हे या सिनेमाने मान्य केले.

आधी तसे नव्हते. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या ‘श्यामची आई’त आईचा वियोग संस्कारात रूपांतरित होतो, दुःखाने मूल शहाणे व्हावे, ही अपेक्षा त्यामागे आहे. त्यानंतर अर्धशतकाने सुवर्णकमळ मिळवणाऱ्या संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्येही (२००४) दृष्टी जाणार असते नातवाची, पण त्या दुःखाचा भार वाहतात आजोबा. मुलाच्या आत काय चालले आहे, हे आपण मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचतो.

मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) ही जागा बदलते. चितंग्या बैल जायबंदी झाला, पेरणी तोंडावर आली, आता तो विकावा लागणार. बापाचा हिशोब चुकीचा नाही आणि टिंग्याचा हट्टही चुकीचा नाही. म्हातारी माणसे घरात ठेवतो, मग बैल का नाही, हा त्याचा प्रश्न कोणत्याही उपदेशाने मिटत नाही. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) सायकल वाचवायची ज्ञानेशची धडपड आहे, कारण ती वडिलांनी बनवलेली आहे आणि वडील आता नाहीत. पंढरपूरच्या यात्रेतली ती सारी धावपळ हसतखेळत दाखवली आहे. तरी वडिलांची शेवटची खूण हातची जाऊ नये, ही कासाविशी प्रत्येक प्रसंगाच्या तळाशी आहे.

या परंपरेचे शिखर मात्र उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांनी लिहिलेला हा चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. पूर्वार्धात आजोळचे भरलेले घर, लग्नाची गडबड, एकमेकांना पत्रे लिहिणारी समीर आणि नचिकेत ही भावंडे. मग नचिकेत विहिरीत बुडतो. कठोपनिषदातला नचिकेत यमालाच मृत्यूचे रहस्य विचारतो. इथे नचिकेत निघून जातो आणि विचारणारा मागे उरतो. तो गेला हे समीरला कळते, पण पटत नाही. लपंडावात राज्य आलेल्या मुलासारखा तो त्याला शोधत राहतो. घरचे सुतक फिटते, त्याचे फिटत नाही. सुधीर पळसणे यांचा कॅमेरा समीरला घाई करत नाही आणि म्हणूनच ते वेड आपल्याला आजार वाटत नाही. शोक करायची त्याची ती एकमेव रीत आहे. उत्तरार्धात प्रवासातल्या भेटींना थोडे तत्त्वज्ञानाचे वजन चढते. मोठी माणसे बोलू लागली की समीर दूर जातो.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१५) हा दोष टाळतो. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झाली आहे आणि चिन्मयला यातले काहीच बोलून दाखवायचे नाही. भर पावसात मित्र त्याला किल्ल्यात एकटा सोडून जातात, तेव्हा त्याचा जो संताप होतो तो केवळ मित्रांवरचा नाही. सोडून जाणाऱ्या सर्वांवरचा आहे. अमृता सुभाष यांनी रंगवलेली आईही त्याच वेळी कचेरीत एकटी पडत जाते. एकाच घरातली दोन दुःखे एकमेकांना न सांगता कशी जगतात, हे मराठीत इतक्या संयमाने क्वचितच आले आहे.

तरीही उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात. एक, निसर्गाचा आधार. पाऊस, समुद्र, माळरान इतके देखणे दिसते की पुढच्या चित्रपटांत दुःख त्या सौंदर्याच्या आड दडू लागले. दोन, या साऱ्या चित्रपटांच्या मध्यभागी मुलगा आहे. ‘टिंग्या’तल्या रशीदाची आजी मरते आणि त्या मरणाने टिंग्याला समज येते; ‘एलिझाबेथ एकादशी’त बहीण भावाच्या बरोबरीने राबते, पण गोष्ट भावाची राहते. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’मध्येही (२०१७) खऱ्या आईचा ध्यास घेणारा चैत्या मुलगाच. मुली शोक करत नाहीत असे नाही. त्यांच्या हट्टाला वेड म्हणून पडद्यावर पुरेशी जागा मिळालेली नाही. तीन, शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात, शाळा-क्लासच्या वेळापत्रकात एखादे मूल भावाला किंवा वडिलांना कसे शोधत असेल, याकडे या चित्रपटांनी पाहिलेले नाही.

‘विहीर’ने दाखवून दिले की मुलाच्या शोकाला उत्तर द्यायची गरज नसते, सोबत लागते. ते धैर्य आपल्या दिग्दर्शकांनी आता एखाद्या मुलीसाठी, एखाद्या चाळीतल्या घरासाठी दाखवावे. आणि निर्मात्यांनी अशा चित्रपटांना बालचित्रपटाच्या खान्यात टाकून मोकळे होऊ नये. ते मोठ्यांनी पाहायचे चित्रपट आहेत.