'मूळचे पशुवैद्य' : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

शास्त्रज्ञांच्या चरित्रपर टिपणांत 'मूळचे पशुवैद्य' हा शब्दप्रयोग वरचेवर आढळतो. 'मूळचे' या विशेषणात मूळ सुटल्याची सूचना असते. गावीच राहणाऱ्यास कोणी 'मूळचा कोकणातला' म्हणत नाही. रॉजर शॉर्ट (१९३०–२०२१) यांच्यापुरती तरी ही सूचना दिशाभूल करणारी आहे.

१९५४ साली ब्रिस्टल येथे पशुवैद्यकाची पदवी, पुढे केंब्रिज, १९७२ पासून एडिंबरो येथील प्रजननसंशोधन केंद्राचे संचालकपद, १९८२ पासून मेलबर्नचे मोनॅश विद्यापीठ : पदांचा हा क्रम पाहता गोठ्यापासून मानवी वैद्यकाकडे झालेले प्रस्थानच दिसते. प्रश्नांचा क्रम निराळे सांगतो. जेराल्ड लिंकन यांच्यासह शॉर्ट यांनी स्कॉटलंडमधील रम बेटावरील तांबड्या हरणांचे वर्तन अभ्यासिले. या हरणांचा मद ऋतूने बांधलेला असतो. प्रकाशाची वार्ता डोळ्यांवाटे मेंदूस पोचते, रात्री पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन स्रवते आणि त्या स्रावाच्या कालावधीवरून देहास ऋतू कळतो. मेलबर्न येथे स्टुअर्ट आर्मस्ट्राँग यांच्यासह दूरच्या विमानप्रवासाने विस्कटणाऱ्या झोपेवर त्यांनी मेलॅटोनिनच सुचविले. यास विषयांतर म्हणणे कठीण आहे.

ऑस्टिन व शॉर्ट यांनी संपादिलेल्या सस्तन प्राण्यांच्या प्रजननावरील ग्रंथमालेचा दाखला अधिक बोलका आहे. तिच्या १९७२ च्या पाचव्या खंडात पशुपैदाशीची वाढ आणि मानवी संततिनियमन ही प्रकरणे एकाच मुखपृष्ठाआड नांदतात. टिपणकारांनी निदान तिची अनुक्रमणिका चाळावयास हवी होती.