दाढीवाला नायक आणि नखुदा अमिना

कादंबरीत मुसलमान पात्र आले की ते एक तर जुलूम सोसते, नाही तर जुलूम करते. या दोन साच्यांना आम्ही वाचक कंटाळलो आहोत. म्हणूनच उज्मा जलालुद्दीन यांची 'आयेशा ॲट लास्ट' (२०१८) आम्हाला भावली. कथेचा सांगाडा जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा (१८१३), वस्ती मात्र कॅनडातल्या टोरोंटोची. आयेशा बदली शिक्षिका आहे, पण जीव कवितेत. (आम्हा मास्तर मंडळींना हे समजावून सांगायला नको.) खालिद दाढी राखतो, लांब झब्बा घालतो आणि अम्मी म्हणेल तिथे निकाहाला तयार असतो. एरवी असा माणूस संशयित ठरायचा. इथे तो चक्क प्रेमकथेचा नायक आहे. लेखिका त्याच्या हट्टीपणाला हसते, नमाजाला नाही. हेच आम्हाला मोठे वाटते. त्याच्या पोशाखावरून छळणारी ऑफिसातली साहेबीण मात्र अगदीच एकरंगी उतरली आहे.

अद्भुताची आवड असलेल्यांनी शॅनन चक्रवर्ती यांची 'द ॲडव्हेंचर्स ऑफ अमिना अल-सिराफी' (२०२३) वाचावी. काळ बाराव्या शतकाचा, समुद्र हिंदी महासागर. अमिना चाळिशी ओलांडलेली नखुदा, एका लेकीची आई. नवरे बरेच झाले. त्यातला एक तर माणूसही नव्हे! तिच्या साथीदारांत मुसलमान, ख्रिस्ती, हिंदुस्थानी सगळे. कोकणातला 'नाखवा' याच 'नखुदा'च्या कुळातला, त्यामुळे ते जहाज आम्हाला परके वाटले नाही.

दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत. मराठीत आल्या तर आमच्या दहावीच्या मुलींच्या हाती आधी आयेशा देऊ. अमिना त्या जरा मोठ्या झाल्यावर.